धुक्यातली लाल टोपी

इंदिरा नगरात पाण्याच्या टाकीकडे सरळ जाणारी एक गल्ली आहे. त्या गल्लीतल्या वसुधाबाई खांबेट्यांचा पत्ता कुणी ई-रिक्शावाल्याला घरनंबरासकट सांगू लागला, तर तो अर्ध्यातच थांबवतो आणि विचारतो, "अच्छा, कोहरेवाली मैडम के यहाँ?" आणि थेट फाटकाशी आणून सोडतो. माणसाचं नाव बाजूला ठेवून त्याच्या खुळावरून त्याला ओळखायचं, ही या शहराची जुनी खोड. वसुधाबाईंना सुरुवातीला राग यायचा. मुलींच्या कॉलेजात सगळी उमर भौतिकशास्त्र शिकवलं ते कुणाच्या लक्षात नाही, आणि सकाळी गच्चीवर उभं राहून धुकं मोजलं ते मात्र अख्ख्या वस्तीला पाठ! आता त्या रागावत नाहीत. असू दे, म्हणतात.

त्या मूळच्या मिरजेच्या. मिरजेला धुकं येतं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, चहा होईपर्यंत निघूनही जातं. लग्न होऊन त्या लखनौला आल्या आणि पहिल्याच जानेवारीत एका सकाळी दार उघडून बघतात तर गल्लीच नाही. समोरचं मिश्राजींचं घर नाही, त्यांचं पिवळं फाटक नाही, कोपऱ्यावरचा कडुनिंब नाही. कुठूनतरी सायकलची घंटी वाजत होती, कुणीतरी खोकत होतं, आणि ते सगळे आवाज एकाच ठिकाणाहून आल्यासारखे वाटत होते. नव्या नवरीला परक्या गावात रडू यावं अशी ती वेळ होती, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आलंही.

नवरा, चंद्रहासराव, बँकेत. बदली होऊन लखनौला आलेले, आणि "एक-दोन वर्षांत परत येतो" असं आईला सांगून इथेच मुरलेले. शांत माणूस. बहिणीने विणून दिलेली लाल माकडटोपी घालून ते त्या सकाळी दूध आणायला निघाले आणि वसुधाबाई गच्चीवरून बघत राहिल्या. आधी त्यांचे पाय गेले. मग कोट गेला. मग नुसती लाल टोपी हवेत थोडा वेळ चालत होती. मग तीही गेली. वसुधाबाई घाबरल्या. आणि त्याच क्षणी, डोळ्यांत पाणी असतानाच, त्यांच्यातली भौतिकशास्त्राची बाई जागी झाली.

दूध घेऊन चंद्रहासराव परत आले तेव्हा दारातच त्यांना पहिला प्रश्न आला. "तुम्ही मला दिसेनासे झालात तेव्हा कुठे होतात?"

"मला काय ठाऊक?" ते टोपी काढत म्हणाले. "मी मला दिसतच होतो."

त्या उत्तरावर दोघंही इतकं हसले की हातातलं दूध सांडलं. पण प्रश्न काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर तोड निघाली, आणि मग ती या घराची रीतच होऊन बसली. धुकं पडलं की चंद्रहासरावांनी लाल टोपी घालून टाकीच्या दिशेने चालायला लागायचं. वसुधाबाईंनी गच्चीवरून एकामागून एक फोटो काढत राहायचं. टोपी दिसेनाशी झाली की कॉलेजच्या मैदानावरून आणलेली शिट्टी फुंकायची. शिट्टी ऐकली की चंद्रहासरावांनी असतील तिथे थांबायचं, खिशातला खडू काढून रस्त्यावर आडवी रेघ मारायची आणि परत फिरायचं. दुपारी धुकं विरलं की वसुधाबाई फीत घेऊन फाटकापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर मोजायच्या. आज माणूस किती दूरवर दिसला, ते तेवढं.

शिट्टीचा आणखी एक अर्थ होता. शिट्टी झाली की वसुधाबाई कॅमेरा कठड्यावर ठेवून खाली जायच्या आणि आलं ठेचून चहा टाकायच्या. रेघ मारून, मिश्राजींना रामराम करून चंद्रहासराव फाटकात येईपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. कपातली वाफ, टोपीवरचं दव, आणि "आज कडुनिंबाच्याही पुढे गेलो बरं का," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हिवाळा म्हटला की त्या घरात हे एवढं आलंच.

गल्लीने या प्रकाराचा आपल्या परीने अर्थ लावला. मिश्राजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "भाभीजी रोज़ सुबह भाईसाहब को घर से निकालती हैं, फिर तरस खाकर सीटी बजा देती हैं।" रस्त्यावरच्या रेघांना पोरं 'अंकल की लाइन' म्हणायची आणि क्रिकेट खेळताना तिथे क्रीज धरायची. लेक अंतरा शाळेत असताना मैत्रिणींपासून हे सगळं लपवायची. आईबाप वेडे आहेत हे कळायला मैत्रिणींना तिच्या सांगण्याची गरज नव्हती.

वसुधाबाईंनी त्यावर एक लेखही लिहिला. पहिल्या नियतकालिकाने तो परत केला. तपासणाऱ्या विद्वानाने शेरा मारला होता की मापनाचे साधन म्हणून पतीचा वापर केला आहे, त्या साधनाच्या अचूकतेविषयी खुलासा नाही. चंद्रहासरावांना तो शेरा फार आवडला. घरी कुणी आलं की ते स्वतःची ओळख 'साधन' म्हणून करून द्यायचे. दुसऱ्या एका परदेशी नियतकालिकाने लेख घेतला आणि छापला. शेवटच्या ओळीत वसुधाबाईंनी नवऱ्याचे आभार मानले होते, 'जे रोज चालत गेले' एवढंच. संशोधन म्हणून त्यांच्या नावावर हे इतकंच.

चंद्रहासराव गेले ते मे महिन्यात, धुक्याशी काही देणंघेणं नसलेल्या एका लख्ख दुपारी. जेवून उठले, हात धुतले, आणि बेसिनशीच खाली बसले. दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत. त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात धुकं नेहमीसारखं आलं, गल्ली नेहमीसारखी नाहीशी झाली, आणि वसुधाबाई अंगावर रजई घेऊन खोलीतच बसून राहिल्या. शिट्टी गच्चीच्या दारामागच्या खिळ्याला लटकलेली होती. फोटो सगळे संगणकात होते, जुन्या रिळांवरचेही. त्या अधूनमधून ते काढून बसायच्या. लाल टोपी जवळ असायची, मग जरा लांब, मग आणखी लांब. शेवटी पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहायचा आणि त्या तो बघत बसायच्या.

त्याच थंडीत पूर्वा आली. ती नागपूरची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्याने लागलेली, बोलायला चुरचुरीत. ग्रंथालयाने एक खुलं भांडार सुरू केलं होतं आणि त्यासाठी ती शहरभर निवृत्त मास्तर-मास्तरणींची दारं ठोठावत होती.

"काकू, फक्त छापलेले लेखच नाही हं," रेवडी तोंडात टाकत ती म्हणाली. "लोकांनी काय काय करून ठेवलंय आणि ते कपाटात सडतंय! नकाशे, आवाजाच्या टेप, कच्चे आकडे, फसलेले प्रयोगसुद्धा. आम्ही ते सगळं नेटवर टाकतो. पासवर्ड नाही, लॉगिन नाही. जगात कुणीही उघडावं आणि वाचावं."

"फसलेले प्रयोगही?"

"ते तर आधी! म्हणजे दुसरा तिथेच जाऊन पडणार नाही ना."

वसुधाबाईंना ही पोरगी आवडली. पूर्वाने त्यांच्या टॅबवर ते भांडार उघडून दिलं आणि त्यानंतर कितीतरी दुपारी त्यांच्या त्यातच गेल्या. गच्चीवर ऊन यायचं, मांडीवर शेंगांची पुडी असायची, आणि शेजारच्या छतावर कुणीतरी पापड वाळत घातलेले असायचे. एकाने कबूतरं उडवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाका गोळा केल्या होत्या. कोणत्या हाकेला कबूतर खाली येतं आणि कोणत्या हाकेला नुसतीच घिरटी मारून जातं, याचा विचार त्याने वर्षानुवर्षं केला होता. एका बाईने चिकनचं भरतकाम करणाऱ्या बायकांचे टाके भिंगाखाली बघितले होते. चाळिशी लागली की टाका कसा मोठा होत जातो हे तिने दाखवलं होतं. कुणी मलिहाबादच्या आमराईतल्या लाल मुंग्यांच्या मागे लागलेलं. कुणी विजेच्या दिव्याखाली केशर पिकवू बघितलेलं, ते न पिकल्याचं मोठ्या मनाने लिहून ठेवलेलं. वसुधाबाई वाचत जायच्या. हळूहळू शब्द उन्हात विरघळायचे आणि डोळा लागायचा.

झोपेत त्यांना गल्ली दिसायची, धुक्याने भरलेली. प्रत्येक विजेच्या खांबाखाली एकेक माणूस उभा असायचा. एकाच्या खांद्यावर कबूतर, एकीच्या हातात सुई. सगळे आपापल्या उजेडात काहीतरी निरखत असायचे आणि शेजारच्या खांबाखाली कुणी आहे हे कुणालाच ठाऊक नसायचं. वसुधाबाईंना त्यांना हाक मारून सांगायचं असायचं, पण तोंडात शिट्टी असायची. जाग आली की पुडीतल्या शेंगा खारीने पळवलेल्या असायच्या.

इथवर सगळं गोड होतं. घोडं अडलं ते पूर्वाने फोटो मागितले तेव्हा.

"सगळे द्या काकू. एवढ्या वर्षांचं धुकं, एकाच जागेवरून, एकाच माणसाला धरून मोजलेलं. असं कुणाकडे नसेल."

"ते धुक्याचे फोटो नाहीत," वसुधाबाई म्हणाल्या. "ह्यांचे आहेत."

"हो, पण ओळखू कुठे येतात? चेहरा तर एकातही नाहीये, म्हणून परवानगीचीही भानगड नाही." पूर्वा अगदी सहज बोलून गेली, आणि वसुधाबाईंचा चेहरा बघून चहा न घेताच उठली.

ती गेल्यावर वसुधाबाईंनी संगणक लावला आणि एकेक फोटो बघत सुटल्या. पोरगी खरं बोलली होती. सगळ्या फोटोंत पाठ होती. तरुण पाठ, पोक्त पाठ, शेवटच्या वर्षांतली जरा वाकलेली पाठ. इतक्या वर्षांत ही गोष्ट आपल्या ध्यानातही येऊ नये? त्यांना पूर्वाचा राग आला, मग कॅमेऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

पाठ तर पाठ. ती तरी आपली राहू दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. जिवंतपणी हा माणूस सगळ्यांत वाटून घ्यावा लागला होता. बँक होती, सासूबाई होत्या, गल्लीतल्या प्रत्येकाचा कर्जाचा अर्ज होता. आता कुठे तो पुरता आपल्या वाट्याला आलाय. उद्या हे फोटो उघडे टाकले तर कुणीही उठेल आणि त्याला बघेल. मिश्राजी बघतील, अमेरिकेतला कुणी बघेल, चहाचे घोट घेत बघेल. वसुधाबाईंच्या ते जिवावर आलं. पूर्वाचे फोन त्यांनी दोनदा वाजू दिले.

मग एका दुपारी त्यांना आपला तो जुना लेख वाचावासा वाटला. खरं तर लेख नाही, शेवटची ओळच. घरातली छापील प्रत घर रंगवताना कुठेतरी गडप झालेली. त्यांनी टॅबवर लेखाचं नाव घातलं, नियतकालिकाचं पान उघडलं, वर स्वतःचं नाव दिसलं, दोन-चार ओळी दिसल्या आणि खाली चौकोन आला. पुढे वाचण्यासाठी आपल्या संस्थेच्या नावाने आत या. वसुधाबाईंना आता संस्था नव्हती. कॉलेज सुटलं तेव्हाच तो दरवाजाही बंद झाला होता. लेख त्यांचा, धुकं त्यांच्या गल्लीतलं, चालणारा नवरा त्यांचा, आणि 'जे रोज चालत गेले' हे चार शब्द वाचायला त्यांनाच आत सोडत नव्हते. त्या कितीतरी वेळ त्या चौकोनाकडे बघत होत्या. आपल्याच घराच्या फाटकाबाहेर उभं केल्यासारखं त्यांना वाटलं.

रविवारी अंतरा आली. ती आता गोमती नगरात राहते, एका कंपनीत नोकरी करते. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलणं हिंदीत. वसुधाबाईंनी तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं, चौकोनाचं आणि पूर्वाचं, दोन्ही. अंतरा मटार सोलत ऐकत होती.

"मम्मी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना।"

"बोल."

"जर्नलवालों ने एक लाइन बंद कर रखी है, तो आपको इतना गुस्सा आ रहा है। आपने तो पापा को ही बंद कर रखा है। उनको तो टहलना पसंद था, यार।"

वसुधाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उगाच भांडी विसळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पूर्वाला फोन लावला.

भांडारात ठेवायचं म्हणजे थोडी माहिती भरावी लागते. कुठे मोजलं, कसं मोजलं, कशाने मोजलं. 'साधन' या शब्दापुढे वसुधाबाईंनी लिहिलं, चंद्रहास खांबेटे, लाल माकडटोपीसह. पूर्वाने ते वाचलं, थोडी हसली, मग गंभीर झाली.

"काकू, साधन नको. सहसंशोधक लिहूया का?"

वसुधाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

आणि चंद्रहासराव फिरायला निघाले. पूर्वा अधूनमधून बातम्या आणायची. पिलिभीतच्या एका शाळामास्तराने ते फोटो वर्गात दाखवले. कुठल्याशा थंड देशातला एकजण संगणकाला धुक्यात बघायला शिकवत होता, त्याने सगळेच्या सगळे उतरवून घेतले. मिश्राजींनी नातवाच्या फोनवर आपलं पिवळं फाटक बघितलं आणि ते फाटक जगात कुठे कुठे गेलं असेल याचा हिशेब गल्लीला ऐकवला. वसुधाबाईंना वाटलं होतं की आपल्याकडचं काहीतरी कमी होईल. तसं झालं नाही. उलट दुपारी उन्हात डोळा लागला की त्यांना लाल टोपी दिसायची, कधी बर्फातून चाललेली, कधी समुद्राकाठच्या धुक्यातून. ते मजेत दिसायचे.

पुढच्या डिसेंबरात डेहराडूनहून एक फोन आला. मधुमती नेगी नावाची मुलगी. धुक्यात गाडी चालवणाऱ्याला समोरचं माणूस केव्हा दिसतं, यावर ती प्रबंध लिहीत होती. तिने प्रत्येक दिवसाचे फोटो बघितले होते. आधी तिने मनापासून स्तुती केली. मग म्हणाली, "मैम, बस एक चीज़ नहीं मिल रही। जाते हुए वो कहाँ ओझल हुए, ये तो सब है। लौटते हुए पहली बार कहाँ दिखे, वो वाली तस्वीरें किस फ़ोल्डर में हैं?"

"बेटा, वो तो एक ही बात हुई ना," वसुधाबाई मास्तरणीच्या सुरात म्हणाल्या. "जहाँ ओझल हुए, वहीं से दिखेंगे। कोहरा तो वही है।"

"कोहरा वही है मैम, पर आँख वही नहीं होती। जाने वाले के पीछे-पीछे नज़र चली जाती है, इसलिए दूर तक दिखता है। आने वाला किधर है, ये पता नहीं होता। मुझे लगता है वो देर से दिखता है, काफ़ी पास आकर। आपके पास तो देखा हुआ होगा?"

वसुधाबाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांचा हिवाळा डोळ्यांसमोर आणून त्या चंद्रहासराव परत येताना शोधायला लागल्या. शिट्टी आठवली. जिन्याच्या पायऱ्या आठवल्या. आलं, खलबत्ता, उकळी, फाटकाची कडी, आणि एकदम समोर उभे असलेले चंद्रहासराव, टोपीवर दव. गल्लीतून चालत येणारे चंद्रहासराव काही केल्या आठवेनात, कारण ते त्यांनी कधी बघितलेच नव्हते. एकदाही नाही.

"नहीं बेटा," शेवटी त्या म्हणाल्या. "लौटते हुए नहीं देखा मैंने। मैं चाय बनाने चली जाती थी।"

फोन ठेवून त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मग मात्र रडल्या, चंद्रहासराव गेले तेव्हाही रडल्या नव्हत्या इतकं. कुणी विचारलं असतं की का नाही बघितलं, तर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. येणारच होते ना! जाणाऱ्याला बघायचं असतं, तो कुठवर दिसतो याची धास्ती असते. येणाऱ्याला काय बघायचं, तो तर येतोच. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईने हे असं गृहीत धरलं होतं आणि मोजूनही बघितलं नव्हतं.

अंतराला त्यांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं, "मुक्कामाला येशील? सकाळी लवकर उठावं लागेल."

हवामानखात्याने ज्या दिवशी दाट धुकं सांगितलं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी अंतरा आली. ट्रंकेतून लाल माकडटोपी निघाली, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी. अंतराने ती हातात घेऊन जरा वेळ नुसती धरली. "इसके लिए स्कूल में मैंने कितना मुँह छुपाया है," ती म्हणाली, आणि सकाळी तिने ती कानांवर नीट ओढून घातली. खिशात खडू टाकला. वसुधाबाईंनी दारामागच्या खिळ्यावरून शिट्टी काढली, पदराने पुसली आणि गच्चीवर गेल्या.

गल्ली नव्हती. पिवळं फाटक कसंबसं होतं, त्यापुढे नुसता ओला, दुधी उजेड. कुठेतरी एक कोंबडा आरवला. लेक चालायला लागली आणि वसुधाबाईंनी डोळ्याला लावलेला कॅमेरा क्षणभर खाली घेतला, कारण चाल बापाची होती. डावा खांदा जरासा खाली, पाऊल टाकताना किंचित बाहेर. इतकी वर्षं ही पोरगी घरात वावरली आणि ते आज दिसत होतं, पाठमोरं. आधी पाय गेले. मग कोट गेला. अर्ध्या वाटेवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे नुसती टोपी चालत राहिली, कडुनिंबापाशी तिचा रंग फिका झाला, मग गेला. वसुधाबाईंनी शिट्टी फुंकली.

पाय सवयीने जिन्याकडे वळले. एक पायरी उतरल्याही. मग त्या थांबल्या, परत वर आल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

त्यांनी कडुनिंबाकडे डोळे लावले. तिथे गेली, तिथूनच येणार. काही नव्हतं. धुकं हलत होतं की आपलेच डोळे, ते कळेना. आता ती रेघ मारत असेल. आता वळली असेल. आता यायला हवी. गल्लीत काही म्हणजे काही नव्हतं, आणि वसुधाबाईंच्या मनात एकदम भीती भरली, पहिल्या जानेवारीतल्या त्या सकाळी भरली होती तशी. नाहीच आली तर? आणि त्यांना कळलं की हे एवढं वाट बघणं आपण चहाच्या निमित्ताने जन्मभर चुकवलं होतं. म्हणूनच आपण धावत खाली जायचो. आल्याचा वास सुटला की भीती राहायची नाही.

त्या कडुनिंबाकडेच बघत होत्या, आणि लाल टोपी तिथे नव्हतीच. ती एकदम अलीकडे निघाली, ट्रान्सफॉर्मरच्याही अलीकडे, अगदी जवळ. हळूहळू नाही. एका क्षणी पांढरं होतं आणि दुसऱ्या क्षणी अख्खा माणूस होता, पायांसकट, हातांसकट, आणि टोपीखाली चेहरा होता. थंडीने लाल झालेलं नाक, हसरे डोळे. वसुधाबाईंच्या हातून फोटो निघाला आणि पाठोपाठ शिट्टीही वाजली. अंतरा थांबली, खाली वाकली आणि तिने रस्त्यावर दुसरी रेघ मारली.

दुपारी धुकं विरल्यावर मायलेकी फीत घेऊन खाली उतरणार होत्या. पण वसुधाबाईंना मोजायची गरज नव्हती. कडुनिंबाशी एक रेघ होती आणि ही दुसरी पार इकडे. मध्ये रस्त्याचा मोठा तुकडा होता. तेवढ्या तुकड्यात माणूस आपल्याकडे चालत येत असतो आणि आपल्याला दिसत नसतो. चंद्रहासराव तो तुकडा रोज चालले होते, एकटे, टोपीवर दव घेत, इकडे चहा ठेवलाय या भरवशावर. वसुधाबाईंनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

फाटकाची कडी वाजली. अंतरा हात चोळत जिना चढून वर आली आणि तिने इकडेतिकडे बघितलं, नाकाने वास घेतला.

"मम्मी? चाय नहीं बनी?"

"नाही गं," वसुधाबाई म्हणाल्या. "मी बघत होते."